झाडावरची अळंबी



पावसाळ्यात वारुळापाशी, माळावर उगवणारी अळंबी आपल्या ओळखीची. पाऊस सरला की ती दिसेनाशी होते. पण मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत एखाद्या जुन्या फणसाचे किंवा आंब्याचे खोड नीट न्याहाळा. फळीसारखे काही तरी बाहेर आलेले दिसेल. तीही अळंबीच. तिचे तंतू आत लाकूड कुजवीत पसरतात. बाहेर दिसते ते त्यांचे फळ.

ती ओळखायची कशी? आधी खालून पाहा. सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे आणि अंग लाकडासारखे टणक, असे असेल तर ती फळीची अळंबी. कोकणात फणसावरच्या अशा अळंबीला फणसोंबा म्हणतात. मुलांचे तोंड आले की तो उगाळून लावायची तिकडे जुनी रीत आहे.

खाली पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे दिसले, तर मात्र सावध! ती धिंगरी असेल, नाही तर विषारीही असेल. गॅलेरिना नावाची लहानशी तपकिरी अळंबी लाकडावरच उगवते आणि तिच्यात यकृत नासवणारे विष असते.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, लसणाचा रंग बदलला नाही, किडीने खाल्ली आहे, म्हणून अळंबी चांगली, असे कुणी सांगेल. या साऱ्या परीक्षा खोट्या. शिजवूनही हे विष जात नाही. खाल्ल्यावर ६ ते २४ तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मध्येच बरे वाटते, आणि आत यकृत निकामी होत असते. म्हणून बरे वाटले तरी थांबू नका. उरलेली अळंबी बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठा.

गुरुजी, पडद्यांच्या अळंबीची टोपी कागदावर पालथी ठेवून रात्रभर वाटीने झाका. सकाळी बीजाणूंची नक्षी उमटलेली दिसेल. धिंगरीची पांढरट, गॅलेरिनाची गंजासारखी. मुलांना हात धुवायला लावा. आणि हा प्रयोग अभ्यासासाठी आहे, खाण्याच्या परवानगीसाठी नाही, हे बजावून सांगा.

शेवटी एक. बुंध्याशी फळ्या दिसल्या तर झाड आतून कुजते आहे असे समजा. त्या खरवडून कूज थांबत नाही. शाळेवर किंवा गोठ्यावर झुकलेले असे झाड वेळीच जाणकाराला दाखवा.