अंगणातील पहिली शाळा



पांढुर्णा जिल्ह्यातील जामसांवली हे गाव निद्रिस्त हनुमंताच्या मंदिरामुळे दूरवर ख्यातनाम आहे. देवळाबाहेरील नारळ-फुलांची दुकाने पाहिलेले मूल घरी येते आणि अंगणात तेच दुकान थाटते. खापरीचे नाणे होते, करवंट्यांचा तराजू होतो. परंतु गिऱ्हाइकावाचून दुकान चालत नाही. म्हणून शेजारच्या सवंगड्याला हाक जाते. मोजणे, बोलणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, रुसलेल्याची समजूत घालणे हे सारे तेथेच घडते. एकट्याने पाटी गिरवून हे धडे साधत नाहीत.

हे मर्म ताराबाई मोडक यांनी ओळखले होते. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. १९४५ साली बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी ग्रामीण बालवाडीचे कार्य आरंभिले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. खडे, शंखशिंपले, पाने-फुले ही तेथील साधने झाली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर रूढ झाला.

आज मात्र अनेक पालकांना अंगणवाडी म्हणजे केवळ पोषण आहाराचे ठिकाण वाटते. ‘मूल नुसते खेळते, शिकत काहीच नाही’ अशी तक्रार करून चौथ्या वर्षीच त्याच्या हाती पेन्सिल दिली जाते. बोटांत बळ येण्यापूर्वी लादलेली अक्षरे मुलाच्या मनात शाळेची धास्ती निर्माण करतात. सौंसर-पांढुर्ण्यासारख्या सीमाभागात तर घरी मराठी बोलणाऱ्या कित्येक मुलांना शाळेत हिंदीशी सामना करावा लागतो. असे मूल वर्गात मुके होते. खेळात मात्र दोन्ही भाषा त्याच्या ओठी सहज येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयासाठी खेळातून शिक्षण आणि घरच्या भाषेचा आधार यांवर भर दिला आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. दररोज घटकाभर आई-वडिलांनी वा आजी-आजोबांनी त्या अंगणातल्या दुकानाचे गिऱ्हाईक व्हावे, भाव विचारावा, घासाघीस करावी. मुलाने दिलेले उत्तर हीच त्याच्या शिक्षणाची खरी प्रगती होय.