विस्मरण आणि आपला व्हॉट्सॲप ग्रुप

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या ग्रुपवर सकाळी आधी सुप्रभात येते आणि पाठोपाठ औषधोपचार सुरू होतात. त्यातल्या एकाच प्रकाराबद्दल आज बोलतो, कारण आपल्यातले बरेच जण साठी ओलांडून बसलेत. विषय स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा.

एक कोडे तुम्ही पाहिले असेल. इंग्रजी ‘ओ’च्या रांगांत एक ‘सी’ शोधायचा, नवांच्या रांगांत सहा, ‘एम’च्या रांगांत ‘एन’. तिन्ही सापडले तर म्हणे अल्झायमर तुमच्यापासून लांब! अहो, ही नजरेची परीक्षा झाली. अल्झायमरमध्ये बहुधा आधी जाते ती नुकत्याच घडलेल्या गोष्टीची आठवण. सकाळी घरी कोण आले होते हे न आठवणारा माणूस अक्षर शोधूही शकेल. मग घरचे म्हणतात, ‘‘बगा, आबांना काही झालं नाही,’’ आणि डॉक्टरकडे जायचे राहून जाते. खोबरेल तेलाने स्मृती परत येते, हाही तसलाच निरोप. त्याला भरवशाचा पुरावा नाही.

बँकेच्या काउंटरवर हा आजार आम्हाला नाव न कळता दिसायचा. वर्षानुवर्षे एकसारखी असलेली पेन्शनरची सही हळूहळू बदलायची. एक गृहस्थ सकाळी पैसे घेऊन जायचे, दुपारी पुन्हा स्लिप घेऊन हजर, आणि सकाळचे पैसे कुणी काढले म्हणून भांडायचे. रांगेतले लोक हसायचे. आज वाटते, त्यांच्या मुलाला कुणीतरी बाजूला घेऊन सांगायला हवे होते.

सगळेच विसरणे आजार नसते, हेही खरे. आपल्या गावाचे नाव २०२३ साली बदलले, तरी माझ्या तोंडी अजून उस्मानाबाद येते. ती सवय आहे. बसस्टँडवरून स्वतःच्या घराचा रस्ता सापडेना, रोजचा हिशेब जमेना, स्वभावच पालटला, तर मात्र थांबू नये.

का थांबू नये? ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, पडल्यावर मेंदूभोवती साचलेले रक्त, यांनीही माणूस असाच भ्रमिष्टासारखा वागू शकतो. यातले बरेच रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये कळते आणि वेळेत उपचार झाले तर सुधारते. फॉरवर्डच्या नादात सहा महिने गेले तर ते सहा महिने भरून कोण देणार? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया आहे. म्हणजे शंभरात सातांहून थोडे जास्त. आपल्या सोसायटीचा हिशेब तुम्हीच करा. काही पाठवायचेच असेल तर रक्तदाब-साखर आटोक्यात ठेवा आणि ऐकू येत नसेल तर कानाचे मशीन लावा, एवढे पाठवा. धोका कमी करणाऱ्या गोष्टींत या तिन्ही जाणकारांनी धरल्यात. मशीन लावायला आपले लोक उगाच लाजतात.

आता दुसरी बाजू, फोटोंची. एखादी आजी गोंधळून जिन्यात उभी राहिली की कुणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकतो. काळजीने टाकत असेल, पण तो पार पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत जातो. त्या घराला फोन करा ना, दोन मजले तर चढायचे आहेत!

आणि अनोळखी म्हातारा फाटकाशी घुटमळताना दिसला, तर ‘संशयित इसम’ म्हणून तर मुळीच टाकू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारे भटक्या जमातीचे लोक होते ते. वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला तर स्वतःचे नावही सांगता येणार नाही. त्याला बसवा, पाणी द्या, पोलिसांना ११२ वर कळवा. हरवल्याचा फोटो पाठवायचा तर घरच्यांना विचारून, तारीख घालून पाठवा, आणि माणूस सापडला की ‘सापडले’ हेही तितक्याच हौसेने कळवा.

ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, मनाच्या आजारांसाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही नंबर नोटीस बोर्डावर मोठ्या अक्षरांत लावायला सचिवांना सांगितले आहे.