सीटचा दांडा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी सांगितलंय, प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलायचं. माझ्याआधी डॉक्टर बोलले, द्राक्षबागायतदार बोलले. मी निवृत्त माणूस, अंगणात जुन्या सायकली खोलत बसतो. तेव्हा गंजून धरलेले भाग कसे सोडवायचे, एवढंच सांगतो. नाहीतरी इथं बसलेले निम्मे जण नळीखालून पाय घालूनच सायकल शिकलेत.

बारामती-इंदापूर रस्त्याच्या दोन्ही अंगाला सायकल लवकर गंजते, आणि त्याला कारण आहे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात आला, मागोमाग ऊस आला, आणि निचरा नसलेल्या काळ्या रानात खार फुटला. तो खारट चिखल चाकाला, चेनीला बसतो. वर कॅरिअरवर खताची पोती. मीठ आणि ओल एकत्र आली की लोखंडाचं काही खरं नाही. आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून नट जागेवरच आवळला जातो. तिथं नुसता जोर लावून भागत नाही. आधी त्या फटीत काहीतरी पातळ शिरलं पाहिजे.

हे मला नववीत कळलं असतं तर बरं झालं असतं. आबांची २२ इंची काळी सायकल. क्रँक हलायला लागली होती, कॉटर पिन झिजलेली. म्हटलं, आपणच बदलू. नट काढून फेकला आणि हातोडीनं पिनेवर वीस-पंचवीस टोले घातले. पिनेचं टोक खिळ्याच्या माथ्यासारखं पसरलं, पिन वाकली, ना आत ना बाहेर. गळीत हंगाम चालू होता, आबांना कारखान्यावर पाळी होती. आठवडाभर ते लासुर्ण्याच्या वस्तीवरून रात्री उठून चालत गेले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी कदाचित विसरलोही असतो.

शेवटी तिठ्यावरच्या मिस्त्रींनी ती काढली आणि कशी काढायची तेही दाखवलं. आदल्या रात्री रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून पिनेवर सोडायचं. सकाळी नट काढायचा नाही, पिनेच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच सैल करायचा, म्हणजे आटे शाबूत राहतात. क्रँकखाली जमिनीवर पाइपचा तुकडा उभा करायचा, पिनेचा माथा त्याच्या पोकळीत. नाहीतर टोला एक्सलच्या छर्‍यांवर जातो. आणि मग एकच टोला, पण नीट. मी घातलेल्या टोल्यांपैकी एकही टोला तसा नव्हता.

पायडलचं थोडक्यात सांगतो. डाव्या पायडलला उलटे आटे असतात. हे विसरून किती जणांनी ते सोडवायच्या नादात आणखी आवळलंय! पाना वर उभा धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा. दोन्ही बाजूंची पायडलं अशीच सुटतात. रॉकेलनं गंज सुटतो, पण ते वंगण नव्हे. सुटलं की पुसून ग्रीस लावायचं. खोबरेल कुणी घालू नका. थंडीत ते गोठतं, आणि पहाटे शाळेला निघालेलं पोर घामाघूम होतं.

आता सीटचा दांडा. आबा जाऊन अकरा वर्षं झाली. सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकून होती. यंदा नातू म्हणाला, मला ही पाहिजे. त्याचे पाय पोचेनात, आणि दांडा खाली जाईना. वेल्डिंगवाला म्हणाला, कापून देतो. आई आतून म्हणाली, "कापायचा नाही." बस्स, तेवढंच.

मी पट्टीचा बोल्ट पूर्ण काढला. सायकल उलटी करून, मधला एक्सल खोलून, तिथून नळीत तेल सोडलं. चार दिवस रोज थोडं थोडं. पाचव्या दिवशी सायकल सरळ केली, दांड्याला ओलं गार फडकं गुंडाळलं आणि नळीवर बाहेरून उकळतं पाणी ओतलं. नळी तापून जराशी फैलावते, दांडा गारच राहतो. सीट उतरवून पाइपपान्यानं दांडा पकडला. वर ओढायचा नाही, खाली ठोकायचा नाही. डावीकडे-उजवीकडे पीळ द्यायचा. कितीतरी वेळ काही नाही. मग 'कुर्र' असा आवाज आला. आईनं चहाचा कप खाली ठेवला.

दांडा बाहेर आला, तेव्हा वरचा भाग तांबूस झालेला, खालचा काळपट, आणि मधे नळीच्या तोंडाशी गोल रेघ. आबा ज्या उंचीवर बसायचे, ती रेघ. आईनं त्यावरून बोट फिरवलं.

नळी आतून काठीला बांधलेल्या पॉलिशपेपरनं घासली. आता सीट तीन इंच खाली आहे, रेघ नळीत गेली आहे. पोरगं वाढतंय, पुढच्या वर्षी दांडा वर घ्यावा लागेल, म्हणून ग्रीस भरपूर लावलंय.