पाय कोण बघतं?

(नाशिक येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय ‘हिवाळ्यात पायांची निगा’ असा छापला आहे. तो वाचून काहींना वाटलं असेल की डॉक्टर आज टाचांच्या भेगांवरचं औषध सांगणार. (हशा) ते आधीच सांगून टाकतो. रात्री पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट नीट पुसा, खोबरेल लावा, सुती मोजे घालून झोपा. झालं. राहिलेला सगळा वेळ मला एका गोष्टीसाठी हवा आहे, आणि माझ्या ओळखीच्यांना ती कोणती हे ठाऊक आहे. थंडीत ज्याचा पाय धोक्यात येतो, त्याला ते सर्वांत शेवटी कळतं. म्हणून पाय दुसऱ्याने बघायला हवेत, रोज बघायला हवेत, आणि कुणी कुणाचे बघायचे हे हिमालयात निघण्यापूर्वीच ठरायला हवं.

रक्ताभिसरण आपण सगळे शाळेत शिकलो आहोत, त्यात मी जात नाही. एवढंच लक्षात घ्या की मोजा उष्णता तयार करत नाही. पायाला ऊब येते ती रक्तातून. छाती-पोट गार पडू लागलं की शरीर आधी आतले अवयव सांभाळतं आणि हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. म्हणून पाय गार पडले तर आधी कानटोपी चढवा, जाकिटाची चेन वर ओढा, पोटात काहीतरी गरम जाऊ द्या. बुटाची नाडी करकचून बांधली किंवा घट्ट बुटात मोज्यांचे दोन जाड जोड कोंबले, तर उरलंसुरलं रक्तही अडतं. बोटं आतल्या आत हलवता आली पाहिजेत.

आता क्रम बघा. आधी पाय गार लागतो, मग दुखतो, मग मुंग्या येतात, आणि मग सगळं शांत होतं. तो माणूस म्हणतो, “आता बरं वाटतंय, दुखायचं थांबलं.” हिमालयात हे वाक्य कानावर आलं की मी त्याला तिथल्या तिथे खाली बसवतो आणि बूट काढायला लावतो. दुखणं थांबलं म्हणजे संवेदना गेली. त्यापुढे तो पाय तक्रार करणार नाही.

दुसरा मुद्दा ओलीचा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. ही ओल बाहेरूनच येते असं नाही. घामाच्या ग्रंथींची दाटी तळव्यांना फार असते. चढावर पाय घामेजतात, माथ्यावर आपण फोटो काढायला थांबतो, आणि तोच घाम गार होतो. सुती मोजा पाणी पितो आणि चोथ्यासारखा पायाला चिकटतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. तेव्हा सासूबाईंनी विणून दिलेले लोकरी मोजे कुणाच्या कपाटात पडून असतील, तर ते सन्मानाने बाहेर काढा. (हशा, टाळ्या) पुढच्या रांगेतल्या काही जावईबापूंच्या माना खाली गेलेल्या दिसताहेत. (हशा)

हसलात, बरं वाटलं. आता जरा गंभीर भागाकडे येतो. पहिलं महायुद्ध, फ्रान्स आणि फ्लँडर्स, १९१४-१५चा हिवाळा. खंदकांत गुडघाभर चिखलपाणी आणि सैनिक दिवसेंदिवस त्यात उभे. बर्फ पडायलाच हवा होता असं नाही. शून्य ते पंधरा अंश तापमानात पाय तासन् तास ओला राहिला की नसा आणि रक्तवाहिन्या निकामी होऊ लागतात. पाय सुजतो, पांढराफटक नाहीतर निळसर पडतो, बधिर होतो आणि पुढे सडू शकतो. इंग्रज सैन्यात त्या एका हिवाळ्यात असे रुग्ण वीस हजारांच्या घरात गेले. लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे आपले हिंदी शिपाई त्याच चिखलात होते, गरम कपडे पुरेसे पोहोचण्याआधी.

मग सैन्याने केलं काय? सुक्या मोज्यांचा जोड जवळ बाळगायचा आणि रोज बदलायचा, असा हुकूम निघाला. पायांना लावायला व्हेल माशाचं तेल पुरवलं. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे जोड्या लावल्या. एकाने दुसऱ्याचे पाय चोळायचे, बघायचे. अधिकाऱ्याने तपासणी करायची, आणि तुकडीत पाय बिघडले तर जाब त्या अधिकाऱ्याला. पायाचं दुखणं हा शिस्तीचा विषय झाला. पुढच्या हिवाळ्यांत हे प्रमाण खूप खाली आलं. त्या एका तेलाने हे झालं असं मी मानत नाही.

दुसरं महायुद्ध, मे १९४३. अलास्काच्या अल्यूशियन बेटांतलं अट्टू. अमेरिकन सैन्य कातडी बूट घालून दलदलीत उतरलं. लढाईत जखमी झाले साधारण साडेअकराशे आणि थंडी-ओलीने जायबंदी झाले बाराशेच्या आसपास. १९५० साली कोरियाच्या युद्धात, चोसिन जलाशयापाशी, पारा उणे ३० अंशांच्या आसपास. या वेळी बुटांचा खालचा भाग रबरी होता, बाहेरचं पाणी आत शिरत नव्हतं. पण आतला घामही बाहेर पडत नव्हता. चालताना पाय भिजायचे, थांबलं की तो घाम बुटातच गोठायचा. ज्यांच्या अधिकाऱ्यांनी प्रत्येक थांब्यावर ओरडून मोजे बदलायला लावले, त्यांचे पाय वाचण्याची शक्यता जास्त होती. १९६२च्या चीन युद्धात आपले जवान नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, कोणत्या कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत पाठवले गेले, हे या सभागृहाला सांगायची गरज नाही.

आता युद्ध सोडून एव्हरेस्टची गोष्ट सांगतो. टिपणात ती दोनच ओळींची आहे, पण तेनसिंग आणि हिलरी यांच्याबद्दल दोन ओळींत बोलणं मला जमत नाही. (टाळ्या) २८ मे १९५३ची रात्र, शेवटचा तळ, उंची सत्तावीस हजार नऊशे फूट. अरुंद, उतरत्या जागेवर कसाबसा उभा केलेला तंबू. हिलरींचे बूट इंग्लंडच्या पादत्राण संशोधन संस्थेने मुद्दाम या मोहिमेसाठी तयार केलेले. आत कापोक, म्हणजे सावरीच्या जातीच्या झाडाचा कापूस, भरलेला. त्या काळात त्याहून चांगला बूट मिळणं कठीण. हिलरींनी रात्री ते काढून ठेवले. तेनसिंग यांनी आपले पायातच ठेवले. पहाटे चार वाजता तंबूतला पारा उणे २७. हिलरी बूट घ्यायला गेले तर ते दगडासारखे गोठलेले! आदल्या दिवशीची ओल कातड्यात मुरली होती, तिचा बर्फ झालेला.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. माथा अवघ्या एका चढाईवर, हवा स्वच्छ, वारा पडलेला, एकेक मिनिट मोलाचं. आणि हिलरी प्रायमस स्टोव्ह पेटवून त्यावर बूट शेकत बसले आहेत. कातडं करपल्याचा वास, हवेत ऑक्सिजन विरळ, बूट वाकवून बघायचा, पुन्हा ज्योतीवर धरायचा. सुमारे दोन तास यात गेले. साडेसहाला दोघे निघाले, आणि हिलरींच्या पायांत ऊब येईपर्यंत तेनसिंग पुढे राहिले. पुढे वर कड्यावर तेनसिंग यांची चाल मंदावली. कारण त्यांना स्वतःला उमगलं नव्हतं. हिलरींनी जवळ जाऊन पाहिलं, तर त्यांच्या ऑक्सिजनच्या मुखवट्याची हवा बाहेर सोडणारी नळी बर्फाने बुजली होती. हिलरींनी बर्फ फोडून काढला आणि तेनसिंग यांचा श्वास मोकळा झाला. साडेअकराला दोघे माथ्यावर होते. गिर्यारोहणातली दोरी पडणाऱ्याला धरते हे सगळे सांगतात. तिचं दुसरं काम मला तितकंच मोठं वाटतं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुमच्याकडे बघणारा माणूस असतो.

(चिठ्ठी येते.) चिटणीस म्हणताहेत, दहा मिनिटं उरली. मग लडाखचं थोडक्यात. झंस्कार नदीवर हिवाळ्यात बर्फाची चादर होते, तिच्यावरून आपली मुलं चालायला जातात. बर्फावर कधी घोटाभर पाणी येतं म्हणून तिथे गमबूट घालतात. कोरियातला दोष त्याही बुटात आहेच. तिथल्या एका हमालाला मी संध्याकाळी गुहेत जवळून पाहिलं. पाठीवरचं ओझं उतरवल्यावर चहाच्याही आधी त्याने गमबूट काढले, आतले नमद्याचे तळवे बाहेर ओढले, झटकले आणि विस्तवापासून हातभर लांब उभे केले. पायाची बोटं एकेक करून फडक्याने पुसली, निरखली, छातीशी ठेवलेले सुके मोजे चढवले. मग शेजारच्या पोरसवदा हमालाचे पाय मांडीवर घेऊन तेच केलं. आमची शहरातली मंडळी महागाचे बूट घालून तशीच ओल्या मोज्यांत गप्पा मारत बसली होती.

मला दरवर्षी विचारतात, “डॉक्टर, नाशकात बर्फ कुठे पडतो?” हा प्रश्न मला आवडत नाही, स्पष्टच सांगतो. इथून तासाभरावर निफाड आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा पाच अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली जातो. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते, आणि कांद्याला, गव्हाला दारं धरायला माणूस मध्यरात्री अनवाणी वाफ्यात उतरतो. पहाटेपर्यंत पाय चिखलपाण्यात. शून्य ते पंधरा अंश, ओल आणि तास, हे तीनही तिथे हजर आहेत. भातलावणीत पायांना चिखल्या होतात, त्या सगळ्यांना माहीत आहेत. पण थंडीत बधिर झालेल्या पायाची दखल कुणी घेत नाही, कारण तो दुखत नाही. मधुमेह असेल तर संवेदना आधीच कमी. हा विषय बर्फाळ देशांचा आहे, हे मला मान्य नाही. (टाळ्या)

वेळ संपत आली. भराभर सांगतो, लिहून घ्या. पाय गोठून पांढरा, मेणासारखा कडक झाला असेल तर चोळू नका, बर्फाने तर मुळीच नाही. नेपोलियनचा शल्यविशारद लारे याचा तसा सल्ला होता, तो आज चुकीचा ठरला आहे. विस्तवाजवळ नेऊ नका. बधिर पाय भाजला तरी कळत नाही. पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरा, आणि त्यानंतर त्या पायावर चालवू नका. पाण्यात भिजून बधिर झालेला पण न गोठलेला पाय असेल, तर गरम पाण्यात घालू नका. कोरडा करा, उंचावर ठेवा, अंग उबदार ठेवून पायात ऊब हळूहळू येऊ द्या. दोन्ही बाबतीत डॉक्टर गाठा. तंबाखू-सिगारेट नको, त्यांनी रक्तवाहिन्या आवळतात. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीतून उष्णता निघून जाते. झोपेचे मोजे वेगळे ठेवा, ते दिवसा घालायचे नाहीत. ओले मोजे अंगाशी वाळवा, बूट पिशवीत घालून झोपण्याच्या पिशवीत घ्या.

शेवटची मागणी, आणि ती मी हट्टाने करतो आहे. नाशिकमधून हिमालयात गट नेणाऱ्यांनी नावनोंदणीच्या फॉर्मवर रक्तगटाखाली आणखी एक रकाना छापावा: ‘पायांचा जोडीदार’. रोज संध्याकाळी त्याने बघायचं आणि प्रमुखाने विचारायचं. पाय दाखवायला ज्याला संकोच वाटतो, त्याला पुढच्या तळावर नेऊ नये. आणि रात्री दारं धरून परत येणाऱ्याच्या घरी, दार उघडणाऱ्याने चुलीकडे वळण्याआधी कोरडं फडकं घ्यावं, बॅटरी लावावी आणि त्याचे तळवे, बेचक्या, बोटं बघावीत. बोट दाबून ‘कळतंय का’ असं विचारावं. उत्तर ‘नाही’ आलं, तर सकाळची वाट बघू नये.