लेकरांचे दात आणि खाड्याचा हिशेब



वसंतातल्या व्याख्यानाला किडक्या दातांचा विषय, हे वाचून काही मंडळी हसली असतील. आम्ही दातांचे डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण मोर्चात, कोर्टाच्या पायरीवर आणि उसाच्या फडात झाले. परंतु ह्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात, त्यांच्याबरोबर लेकरे येतात, आणि त्या लेकरांच्या तोंडात आम्ही जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या तळावर उचलीचा तंटा मिटवायला आम्ही गेलो होतो. कोपीच्या दाराशी सात वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. गालाला फडके बांधलेले. काय झाले विचारले, तर म्हणाली, "दाढ." आम्ही तिला लवंग दिली आणि मुकादमाशी बोलायला गेलो. दोन तास दराची घासाघीस केली. निघालो तेव्हा पोर तशीच बसलेली. आठवड्याने कळले की सूज जबड्याखाली मानेकडे उतरली, ताप भरला, घास गिळेना, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेले. चिरा देऊन पू काढावा लागला. पोर वाचली, वण राहिला.

आम्ही तिच्या आईवर तडकलो. आई असून कळत नाही का, असे बोललो. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, नवरा-बायको मिळून एक कोयता. म्या दवाखान्यात गेले की कोयता मोडला, खाडा पडला. खाडा उचलीवर चढतो. तो कुठून फेडू? अन् तुमी बी बघितलंच होतं की तिला."

ह्याला उत्तर नव्हते. दर ठरवताना आम्ही टनाचा हिशेब केला, दाढेचा केला नाही.

तेव्हापासून आम्ही डॉक्टरांना विचारू लागलो, मिळेल ते वाचू लागलो. नुसता दात किडला म्हणजे हयगय झाली असे डॉक्टर मानत नाहीत. कीड चांगल्या घरातही लागते. मुलाला त्रास आहे हे दिसते, उपचार हाताशी आहे, तरी तो वारंवार टाळला जातो आणि तब्येतीला गंभीर अपाय होण्याची पाळी येते, तेव्हा ती हयगय. ओळखायचे कसे? पोर एकाच बाजूने चावते, भाकरी चहात बुडवून खाते, रात्री रडते, वर्गात डोके बाकावर टेकते. त्याला पुन्हा पुन्हा दुखण्याची गोळी दिली जाते आणि दात तसाच राहतो. गाल सुजून डोळ्याकडे वा मानेकडे सरकला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर लवंग नको, उद्याही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत," हे वाक्य आम्ही कोपीत ऐकले तितकेच माडीवरही ऐकले. दुधाच्या वीस दातांच्या मागे सहाव्या वर्षाच्या सुमारास एक दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. गेली की दुसरी नाही. (हिरड्यांना मिश्री लावून पोराला गप्प करणाऱ्या आज्या अजून आहेत. त्यांनाही हे सांगावे, पण प्रेमाने. त्यांच्या आज्यांनी त्यांना तेच शिकवले.)

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासतात. त्यात दातही येतात. पण पथक येते तेव्हा आमचे पोर फडात असले, तर हजेरीपटावर रेघ आणि दाढेत कीड, दोन्ही तशीच राहतात.

मग दोष कोणाचा? 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचे 75 वे कलम मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला शिक्षा सांगते. ह्यातला "जाणूनबुजून" हा शब्द आम्ही घट्ट धरून ठेवला आहे. खाड्याच्या भीतीने थांबलेली आई आणि शाळेने तीनदा चिठ्ठी पाठवूनही दुकानातून न उठणारा बाप, ह्यांना एका दोरीने बांधता येणार नाही. आईला आधी विचारावे, "काय अडतंय, ताई?" गाडीभाडे अडत असेल तर ते द्यावे, वाट ठाऊक नसेल तर बरोबर जावे, लातूरला दंत महाविद्यालय आहे, ते काही परमुलूख नव्हे. पण गरिबीची सबब आम्ही सरसकट मान्य करत नाही, हेही सांगून ठेवतो. भाडे दिले, सोबत दिली, तरी पोर कण्हतच असेल तर शिक्षकांनी, अंगणवाडीताईंनी तारखेसह नोंद ठेवावी आणि 1098 वर कळवावे. जिल्ह्याची बाल कल्याण समिती त्यासाठीच आहे. आपण कळवले म्हणजे घर मोडेल, ही भीती आम्हालाही वाटत असे. त्या मुलीचा वण पाहिल्यापासून गप्प बसण्याची भीती अधिक वाटते.

लेकराच्या आजाराचा दिवस खाड्यात धरू नये, ही मागणी आम्ही दर हंगामाला मांडतो. मुकादम म्हणतात, कारखान्याला विचारा. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. लेखी करारात हे कलम अजून आम्हाला घालता आलेले नाही. ते होईल तेव्हा होईल. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील. त्याआधी मुरुड आणि आसपासच्या वस्त्यांतल्या लेकरांचे दात तपासून घ्यायचे आमच्या मनात आहे. पोरांना लातूरला न्यायला माणसे हवीत, दोन गाड्या हव्यात. व्याख्यान संपल्यावर आम्ही मंडपाच्या दाराशी वही घेऊन बसतो आहोत.