कार्यक्षमता कोणाची, फळ कोणाचे?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



‘कार्यक्षमता’ हा शब्द मुंबईच्या कामगाराला नवा नाही. १९२८ साली काही गिरणीमालकांनी या नावाच्या योजना आणल्या, तेव्हा विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावेत असा त्यांचा व्यवहारातील अर्थ निघाला. वेतनाच्या आणि इतर गाऱ्हाण्यांबरोबर हे गाऱ्हाणेही त्या वर्षीच्या सार्वत्रिक संपाच्या मुळाशी होते, आणि तो संप जवळजवळ सहा महिने चालला. आज तोच शब्द संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा पोशाख चढवून कचेऱ्या, बँका आणि विमा कंपन्यांच्या दारात उभा आहे. त्याच्याविषयी दोन मते सामान्यतः ऐकू येतात. यंत्र आले की प्रगती आलीच, हे एक. यंत्र आले की बेकारी आलीच, हे दुसरे. वरवर ही मते परस्परविरोधी दिसतात. परंतु यंत्र हाच कर्ता आणि माणूस हे केवळ कर्म, हे गृहीतकृत्य दोघांचेही एकच आहे. गेल्या काही दशकांतील विद्यापीठीय संशोधनाने नेमका या गृहीतकृत्यालाच धक्का दिला आहे, आणि म्हणून श्रमिक चळवळीने ते बारकाईने वाचले पाहिजे.

एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड या तीन अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात २०२५ साली प्रसिद्ध झाला. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहकांच्या अडचणी लेखी संभाषणाद्वारे सोडवणारे पाच हजारांहून अधिक कर्मचारी हा त्याचा विषय. त्यांतील बहुसंख्य फिलिपाइन्समध्ये काम करीत होते. ग्राहकाचा प्रश्न आला की त्याला काय उत्तर द्यावे, हे कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली कर्मचाऱ्याला पडद्यावर सुचवी. परिणाम असा झाला की दर तासाला सोडवल्या जाणाऱ्या अडचणींचे प्रमाण सरासरीने सुमारे १५ टक्के वाढले. ही वाढ सर्वांना सारखी मिळाली नाही. नवख्या आणि कमी कसबी कर्मचाऱ्यांचे काम सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. जे मुळातच निष्णात होते त्यांच्या वेगात किरकोळ भर पडली आणि त्यांच्या कामाचा दर्जा तर किंचित घसरला. दोन महिन्यांचा अनुभव असलेला कर्मचारी प्रणालीच्या साहाय्याने सहा महिन्यांहून अधिक अनुभव असलेल्याच्या तोडीचे काम करू लागला. ग्राहकांच्या बोलण्यातील कडवटपणा कमी झाला, नवख्यांचे नोकरी सोडून जाण्याचे प्रमाणही घटले. हे लाभ खरे आहेत, आणि ते नाकारण्यात श्रमिकांचे काहीही हित नाही.

प्रश्न पुढेच आहे. प्रणालीला हे ज्ञान मिळाले कोठून? ते मिळाले त्याच कर्मचाऱ्यांच्या पूर्वीच्या संभाषणांतून. संतापलेल्या ग्राहकाला कोणत्या शब्दाने शांत करावे, कोणता प्रश्न आधी विचारला म्हणजे दोष चटकन सापडतो, ही निष्णात कर्मचाऱ्यांनी अनुभवाने कमावलेली हातोटी यंत्राने टिपली आणि नवख्यांच्या हाती दिली. एकाचे कसब अनेकांचे झाले, ही गोष्ट समाजवाद्याला आनंद देणारीच आहे. परंतु ते अनेकांचे होताना वाटेत ते कंपनीच्या मालमत्तेत जमा झाले. ज्याचे कसब टिपले गेले त्याला त्याचा मोबदला कसा मिळावा, हा प्रश्न या संशोधकांनी स्वतःच उपस्थित केला आहे. उद्या त्याच निष्णात माणसाला ‘तुझ्यावाचून आमचे अडत नाही’ असे मालकाने का म्हणावे? कारागिराच्या हातातील विद्या यंत्रात गेली आणि यंत्र मालकाचे झाले, ही औद्योगिक क्रांतीची कथा होती. बोलण्याच्या आणि समजावण्याच्या विद्येच्या बाबतीत तिचा पुढील अध्याय आता लिहिला जात आहे.

यंत्र आणले की कार्यक्षमता वाढतेच, ही समजूतही तपासली पाहिजे. २०२५ सालीच अमेरिकेतील एका बिगर-नफा संशोधनसंस्थेने १६ अनुभवी संगणक-आज्ञावलीकारांना त्यांच्या परिचयाच्या प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही कामांत त्या वेळची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. साधने वापरण्याची मुभा असलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. पण काम संपल्यावरही आपला वेग २० टक्क्यांनी वाढला असे त्या आज्ञावलीकारांना वाटत होते. प्रयोग लहान आहे आणि साधने झपाट्याने बदलत आहेत. त्यामुळे त्यावरून सरसकट सिद्धान्त काढता येणार नाही. मात्र कार्यक्षमता वाढल्याचा भास आणि प्रत्यक्ष वाढ या भिन्न गोष्टी असू शकतात, एवढे त्यातून निश्चित सिद्ध होते. संगणकयुग सर्वत्र दिसते, उत्पादकतेच्या आकड्यांत मात्र दिसत नाही, या आशयाचे उद्गार रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली काढले होते, त्यांची येथे आठवण होते.

सोलो यांच्या कोड्याचे एक उत्तर पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० साली विजेच्या इतिहासातून दिले. न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे वीजकेंद्र १८८२ साली सुरू झाले. तथापि १८९९ सालापर्यंत अमेरिकन कारखान्यांतील यांत्रिक शक्तीचा पाच टक्केही भाग विजेच्या मोटारींकडून येत नव्हता. वाफेच्या इंजिनाभोवती उभारलेल्या बहुमजली इमारती, छताखालून जाणारे लांबलचक दांडे, त्यांवरून उतरणारे पट्टे, हे सारे तसेच ठेवून इंजिनाच्या जागी मोटार बसवली, तरी फारसे काही साधत नसे. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार मिळाली, एकमजली प्रशस्त कारखाने उभे राहिले आणि मालाच्या वाटचालीप्रमाणे कामाची मांडणी झाली, तेव्हा १९२० नंतरच्या दशकात विजेचे फळ पदरात पडले. शक्तीचा उगम बदलल्यानंतर कामाची रचना बदलायला चार दशके लागली.

रचना म्हणजे केवळ भिंती आणि यंत्रे नव्हेत, माणसामाणसांतील नातीही होत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली ब्रिटिश कोळसाखाणींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. बॅमफोर्थ स्वतः पूर्वी खाणकामगार होते. जुन्या पद्धतीत दोघातिघांचा जथा कोळसा खणण्यापासून भरण्यापर्यंतचे सारे काम परस्परांच्या विश्वासावर करी. यांत्रिक पद्धतीने ते काम पाळ्यांत वाटले. एका पाळीने कापायचे, दुसरीने भरायचे; कोणाचाही संपूर्ण कामाशी संबंध उरला नाही. एका पाळीत काम अडले की पुढची पाळी खोळंबे, दोष दुसऱ्यावर ढकलला जाई, गैरहजेरी वाढे. यंत्रे सुधारली, तरी अपेक्षित उत्पादन मिळेना. येथे समाजवाद्यांसाठी एक कठोर धडा आहे. या खाणी १ जानेवारी १९४७ रोजी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या होत्या. फलकावरील मालकाचे नाव बदलले, कामाची रचना मात्र तीच राहिली आणि त्या रचनेत खाणकामगाराच्या शब्दाला स्थान मिळाले नाही. राष्ट्रीयीकरण आवश्यक असेल. ते पुरेसे नसते.

मग श्रमिकांनी करावे काय? नॉर्वेने एक वाट दाखवली आहे. क्रिस्टेन न्यूगार्ड हे ‘सिम्युला’ या संगणकभाषेचे एक जनक. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी नॉर्वेतील लोखंड व धातुकामगार संघटनेबरोबर काम सुरू केले. संशोधकांनी अहवाल लिहावा आणि कामगारांनी तो वाचावा, ही पद्धत त्यांनी सोडून दिली. कारखान्या-कारखान्यांतील कामगारांनी स्वतः अभ्यासगट स्थापावेत, येऊ घातलेल्या संगणकप्रणालीची छाननी करावी आणि आपल्या मागण्या निश्चित कराव्यात, असे ठरले. त्यातून ‘डेटा करार’ जन्माला आले. १९७५ साली राष्ट्रीय पातळीवर कामगार आणि मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांत असा करार झाला. नवी प्रणाली आणण्यापूर्वी तिची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत देणे मालकांवर बंधनकारक झाले आणि या विषयासाठी कामगारांचे स्वतंत्र प्रतिनिधी नेमले गेले. यंत्राला विरोध किंवा यंत्राला शरणागती, या दोहोंपलीकडचा हा मार्ग होता.

भारतातही हा विचार अगदीच अपरिचित नव्हता. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर होते, तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी व्यवस्थापनाशी करार करून संगणकीकरणाला मर्यादा आणि अटी घातल्या. कायद्याने मात्र या प्रश्नाची एकच बाजू पाहिली. औद्योगिक विवाद कायद्यात १९५६ साली आलेल्या तरतुदीनुसार, ज्या तांत्रिक सुधारणेमुळे कामगारकपात होण्याचा संभव असेल तिची पूर्वसूचना देणे मालकावर बंधनकारक झाले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ही तरतूद त्याच चौकटीत पुढे चालवली. म्हणजे नोकरी जाणार असेल तर यंत्र कायद्याला दिसते. नोकरी राहून कसब काढून घेतले जात असेल, प्रत्येक शब्दाची आणि क्षणाची नोंद होत असेल, तर तेच यंत्र त्याच्या नजरेआड राहते.

म्हणून संघटनांच्या मागणीपत्रकांत तीन नव्या कलमांची भर पडली पाहिजे. प्रणाली येण्यापूर्वी तिच्याविषयी जाणण्याचा हक्क. तिची आखणी होताना कामगारांच्या प्रतिनिधींना बसण्याचा हक्क. आणि श्रमिकांच्या अनुभवातून यंत्र शिकले असेल, तर त्यातून झालेल्या लाभात वेतनवाढीच्या किंवा कमी झालेल्या तासांच्या रूपाने वाटा. १९२८ च्या विणकरापुढे तीन माग होते आणि ते मोजता येत होते. आजच्या कर्मचाऱ्यावर पडलेला बोजा आणि त्याच्याकडून घेतलेली विद्या मोजण्याचे माप अजून तयार व्हायचे आहे. ते मालकाच्या कचेरीत तयार होण्यापूर्वी संघटनांच्या अभ्यासवर्गात तयार झाले पाहिजे.