मोटार सुरू का होत नाही?

घरात माणूस आजारी पडावे, बाहेर पावसाची झड लागलेली असावी, आणि नेमक्या त्याच वेळी दाराशी उभी असलेली मोटार किल्ली फिरवूनही मुकी राहावी, यासारखी असहाय अवस्था दुसरी नसेल. गेल्या जुलै महिन्यात धारवाडात आमच्यावर हा प्रसंग आला. रात्री दहाच्या सुमारास आईला धाप लागली. तिला मोटारीत बसविले, किल्ली फिरविली. आतून ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि सारे शांत झाले. पुन्हा फिरविली, पुन्हा ‘टक्’. चौथ्या खेपेस मी बॉनेट उघडून कंदिलाने आत पाहू लागलो, तेव्हा शेजारचे गृहस्थ छत्री घेऊन धावत आले आणि मला म्हणाले, “अहो, मोटार सकाळी बघू. आधी आईंना रिक्षात बसवा.” रिक्षा मिळाली, उपचार वेळेवर झाले आणि चार दिवसांनी आई घरी आली.

तेव्हा आजच्या विषयातील पहिला धडा हाच समजावा की, रुग्ण घरात असताना मोटारीची चिकित्सा करीत बसू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल ते वाहन गाठावे. यंत्राला थांबता येते, माणसाला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एका कारागिराला बोलावले. त्याने किल्ली फिरविली, मोटारीचे दिवे मालवलेले पाहिले आणि “बॅटरी गेली, नवी घाला” असा निकाल दिला. मी चकित झालो. कारण आदल्या वर्षी याच तक्रारीवरून मी नवी बॅटरी विकत घेतली होती. खर्चाची तयारी करीत असतानाच ते शेजारी पुन्हा आले. हे गृहस्थ हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांची मातृभाषा कन्नड, मराठी उत्तम, आणि स्वभाव असा की, पुरावा हाती आल्याखेरीज कुणाला दोषी म्हणायचे नाही. ते म्हणाले, “घाई नको. ‘लाइट हाक्री’, म्हणजे दिवे लावा. मग बोलू.”

त्यांनी त्या सकाळी जे शिकविले तेच मी आपणापुढे मांडणार आहे. त्यासाठी प्रथम मोटार सुरू होते म्हणजे काय होते, ते पाहू.

एके काळी मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ती हाताने फिरवावी लागे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडण्याची भीती असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत तो बसविला गेला. आपल्याकडे ज्याला सर्वजण ‘सेल्फ’ म्हणतात तो हाच. बॅटरीतून जाड तारेने वीज या सेल्फला मिळते आणि तो इंजिनाला पहिली गती देतो. किल्ली स्वतः ही मोठी वीज वाहत नाही. ती सोलेनॉइड नावाच्या विद्युत्-कळीला फक्त हुकूम देते, आणि ती कळ मोठा मार्ग खुला करते. आपण ऐकतो तो ‘टक्’ आवाज त्या कळीचा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोटारीच्या पुढच्या दोन दिव्यांना मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो, तर सेल्फला १५० अँपिअर किंवा त्याहूनही अधिक. समजा, बॅटरीच्या खुंटावरील पकड सैल झाली आणि तेथे एका ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ०.०२ ओहम, अडथळा निर्माण झाला. ओहमच्या नियमाप्रमाणे दिव्यांच्या प्रवाहात त्या जागी फक्त ०.२ व्होल्ट खर्ची पडतील आणि दिवे लख्ख जळतील. परंतु सेल्फ चालू करताच त्याच जागी ३ व्होल्ट गडप होतील! १२ व्होल्टांतून तीन गेले तर सेल्फ कसा फिरावा? “दिवे तर छान लागतात, मग बॅटरीत दोष कसा?” आणि “सेल्फ फिरत नाही, म्हणजे बॅटरीच गेली” ही दोन्ही अनुमाने म्हणूनच कच्ची आहेत.

तेव्हा तपासणी क्रमाने करावी. गिअर न्यूट्रलमध्ये आहे, हातब्रेक ओढलेला आहे, याची खात्री करून पुढचे दिवे लावावेत आणि किल्ली फिरवावी. दिवे तसेच प्रखर राहिले आणि आवाजही आला नाही, तर हुकूमच पोहोचत नाही असे समजावे. किल्लीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक तार पाहावी. काही मोटारींत क्लच पूर्ण दाबल्यावाचून, तर ऑटोमॅटिक मोटारींत गिअर ‘पार्क’ किंवा न्यूट्रलमध्ये असल्यावाचून सेल्फ चालत नाही, हेही विसरू नये. भराभर ‘टक् टक् टक्’ असा आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते. दिवे एकदम मंद झाले किंवा विझले, तर बॅटरी तरी दुबळी आहे, नाहीतर तिच्यापासूनचा मार्ग तरी खराब आहे. सेल्फ अडकला असला तरीही दिवे मंदावतात.

या संशयितांपैकी अपराधी कोण, हे मल्टिमीटर सांगतो. साधा मीटर फार महाग नसतो. मोटार काही तास उभी असताना भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या आसपास ती अर्धी उरलेली असते. परंतु नुसत्या या आकड्यावर विसंबू नये, खरी परीक्षा भार पडल्यावर होते. दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवावयास सांगून बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर मीटर धरावा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी दुबळी आहे. तो टिकून राहिला आणि तरीही सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी निर्दोष, पुढचा मार्ग तपासावा.

आमच्या मोटारीत हा आकडा बाराच्या जवळ टिकून राहिला. मग शेजाऱ्यांनी मीटरची एक सुई शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटाला कवटाळून बसलेल्या पकडीवर ठेवली. दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे त्यांच्यात व्होल्ट जवळजवळ शून्य असावयास हवे. मी किल्ली फिरविली आणि मीटरने जवळजवळ ४ व्होल्ट दाखविले! पकड बोटाने हलत होती आणि तिच्या आत पांढुरक्या हिरवट क्षाराचा थर साचला होता. आम्लाची वाफ आणि पावसाळी दमट हवा यांनी तो वाढविलेला. दहाच्या पान्याने पकड सोडवून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ती धुतली, कोरडी करून घासली, घट्ट आवळली आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरविला. किल्ली फिरविताच मोटार सुरू झाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार! आदल्या वर्षी मोडीत दिलेली माझी बॅटरीही कदाचित निरपराधच होती.

हीच कसोटी इंजिन आणि मोटारीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या ‘अर्थ’च्या पट्टीलाही लावावी. तेथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक आकडा आला तर सांधा साफ करावा. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, असे असेल तर दोष अन्यत्र शोधावा: इंधनाच्या पंपाचा फ्यूज किंवा रिले, ठिणगी देणारी व्यवस्था, किंवा नव्या मोटारींत किल्लीची ओळख न पटल्याने लागलेले कुलूप. अशा वेळी समोर किल्लीचे चिन्ह लुकलुकते. बॅटरी वारंवार उतरत असेल तर इंजिन चालू असताना व्होल्ट पाहावेत. ते सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.४ असावेत, नसल्यास अल्टरनेटर तपासून घ्यावा. काही नव्या मोटारींत हे आकडे थोडे खालीवर होतात. रोज बाजारापर्यंतच मोटार नेणाऱ्याची बॅटरी पुरेशी भरतच नाही. धारवाडहून हुबळीपर्यंतचा वीसेक किलोमीटरांचा प्रवास तिला अधिक मानवतो.

काही पथ्ये सांगून संपवितो. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, तेव्हा तिच्याजवळ काडी पेटवू नये. पकडी सोडविताना ऋण पकड प्रथम सोडवावी, जोडताना ती शेवटी जोडावी. दुसऱ्या मोटारीची वीज घेताना तारेचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक चालवू नये. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची पकड काढून ‘परीक्षा’ घेण्याची डायनॅमोच्या काळातील खोड आता सोडून द्यावी, तिने नव्या मोटारीतील नाजूक विद्युत्-यंत्रणा जळू शकते.

त्या कारागिराला मी दोष देत नाही. लक्षण पाहून औषध देण्याची घाई आपण सर्वच करतो. विजेला लबाडी ठाऊक नाही. तिला क्रमाने प्रश्न विचारले तर ती क्रमाने खरी उत्तरे देते. पावसाळ्याच्या आरंभी एकदा, सवडीने, दिवसाउजेडी आपल्या मोटारीच्या त्या दोन पकडी हाताने हलवून पाहा. हलल्या तर आवळून घ्या. रात्री दहा वाजता, भर पावसात, ते पाच मिनिटांचे काम आपल्या घरच्या माणसाच्या आड येऊ नये, एवढीच विनंती.